अब्बा चालू कर

माझा भाऊ तौकीर कुवेतला गेला तेव्हा त्याची उझ्मा रांगतही नव्हती. पोर बापाला विसरू नये म्हणून मी एक शक्कल लढवली. महाडजवळच्या नाते गावातल्या आमच्या घरी माझ्या कॉलेजपायी घेतलेला एक म्हातारा कॉम्प्युटर होता. मासिकासोबत आलेल्या सीडीत एक फुकट स्क्रीनसेव्हर सापडला. महाडच्या स्टुडिओतून भाईचे फोटो फ्लॉपीवर आणून त्यात घातले. पडद्यावर भाई हसत हसत सावकाश सरकायचा. लोकांचे स्क्रीनसेव्हर आपोआप सुरू होतात, आमचा दरवेळी हाताने चालू करावा लागे. पण धर्माच्या गाईचे दात कशाला मोजा!

"फुफी, अब्बा चालू कर," म्हणत उझ्मा माझी ओढणी ओढायची. माऊसला जरा धक्का लागला की भाई गायब. म्हणून भाभी तिला दटावायची, "हात नको लावू गो, अब्बा जातील."

तीन वर्षांनी भाई रजेवर आला. जीपमधून उतरल्या उतरल्या त्याने हात पसरले. उझ्मा समोर उभी राहिली, डोळे भरून बघत राहिली, पण जवळ येईना. तो एक पाऊल पुढे आला की ही दोन पावलं मागे. त्याने आणलेली बाहुलीसुद्धा जमिनीवर ठेवली तेव्हा घेतली. मला तर रागच आला, एवढ्याशा पोरीची एवढी मिजास! भाई मात्र वाळत चालला. ताटावरून अर्धपोटी उठायचा.

"माझी पोर माझ्याजवळ येत नाय, नबीला," तो एकदा म्हणाला. "मग तिथं उन्हात मरतो कुणासाठी? जातो परत. रजा कँसल करतो."

भाभी नुसती रडत होती.

त्याच दुपारी भाई पडवीत खाटेवर पडला होता. त्याच्या कपाळावर माशी बसली. उझ्मा खाटेपाशी वाकून तोंडाने फुंकर घालत होती. माशी उडायची, पुन्हा बसायची. पोर फुंकून फुंकून लालबुंद झाली.

"अगो, हाताने हाकल की!" मी म्हटलं.

"नाय गो फुफी," ती कुजबुजली. "हात लावला की अब्बा जातात. तू कॉलेजला गेलीस तर परत चालू कोन करंल?"

भाई झोपला नव्हताच. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. डोळे न उघडताच तो म्हणाला, "लाव हात, बेटा. बघ जातो का."

उझ्माने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने एक बोट त्याच्या गालाला टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. मग पुन्हा टेकवलं. मग दोन्ही तळवे. भाई हलला नाही, श्वाससुद्धा रोखून धरला.

तशीच, तळवे न उचलता, ती स्वयंपाकघराकडे तोंड करून घर दणाणून ओरडली, "अम्मी, अब्बा गेले नाय!"