अर्धी मिशी

"क्लचला पाय न लावता टेकडी उतरून दाखवा, मी अर्धी मिशी उतरवतो," मी म्हणालो. "आणि पाय लागला, तर अर्धी तुमची."

मेकॅनिकने नुकतीच माझ्या गाडीची जळालेली क्लचप्लेट बाहेर काढली होती. वर्षातली दुसरी. वास असा सुटला होता, की वरच्या वहिनींनी खिडकीतून डोकं काढून कुणाचं दूध करपलं म्हणून विचारलं. उस्तादने प्लेट हातात घेतली, नखाने खरवडली आणि चारचौघांत म्हणाला, "हिला तू पायपुसणं केलंस."

उस्ताद म्हणजे आमचा शेजारी. अख्खी हयात रेसच्या ट्रॅकवर गेली, पण कप जिंकले ते दुसऱ्यांनी. हा आधी गाडी चालवून दाखवायचा, मग शिकणाऱ्याच्या शेजारी बसून वळणाआधी गिअर खाली कसा आणायचा ते शिकवायचा. त्याचं सांगणं साधं. गिअर खाली टाकला की इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं. तो जोर ॲक्सिलरेटरवर हलकी टिचकी मारून आधीच द्यायचा. नाही दिला, तर बिचारी प्लेट घासून घासून तो देते, आणि मग दूध करपतं. वेग बरोबर जुळला तर क्लच लागतच नाही, असंही तो बोलून गेला. तिथेच मी त्याला पकडला.

आता मिशी म्हणाल, तर माझी चार केसांची. त्याची मात्र पीळदार, लिंबू ठेवावं अशी. म्हणजे सौदा माझ्या फायद्याचा होता. पण त्याचं खरं काही अडकलं होतं ते मिशीत नाही, गुडघ्यात. डावा गुडघा नुकताच बदललेला. ट्रॅकवाल्यांनी पुन्हा बोलावलं होतं, आणि लेक सोडत नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट, लोकांचे गुडघे वाकवण्यावरच तिचं घर चालतं. जिन्यात उभी राहून तिने सगळं ऐकलं आणि खाली येऊन स्वतःची अट जोडली. डावा पाय न वापरता उतरलात, तर खुशाल ट्रॅकवर जा. वापरलात, तर यापुढे गाडी मी चालवणार.

"आणि खोटं बोलायचं नाही, बाबा."

"मी कधी बोललो?"

"गुडघा दुखत नाही, असं रोज सकाळी बोलता."

त्याची गाडी वर पाण्याच्या टाकीपर्यंत मी नेली. पूर्ण चढ तो डोळे मिटून बसला होता, जणू कुणी त्याच्या पाठीवर रंधा मारतंय. वर आम्ही जागा बदलल्या. त्याने डावा पाय मागे, सीटला टेकवून ठेवला आणि गाडी न्यूट्रलमध्येच उतारावर सोडली. चाकांनी वेग धरला तसा गिअर अलगद आत गेला. लोण्यात सुरी जाते ना, तसा. मग पुढचा. वळण आलं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर. इंजिन एकदा हुंकारलं आणि गिअर खाली. ना धक्का, ना करकर. मी आपला ओठांवरून हात फिरवून मिशीचा निरोप घेत होतो. तो शीळ घालत होता. मला आनंदच होत होता, खोटं कशाला सांगू? हरायला इतकी मजा पूर्वी आली नव्हती.

सगळी वळणं झाली. आमच्या बिल्डिंगचं गेट समोर दिसत होतं, आणि पेपरवाल्याची सायकल आडवी आली. उस्तादने ब्रेक मारला. ब्रेक पुरेसा होता. इंजिन बंद पडलं असतं, एवढंच. पण डावा पाय कुणाला न विचारता पुढे गेला आणि क्लच तळाला टेकला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो गाडीतून बाहेर गेला नाही.

सायकल निघून गेली. गेटवर सगळी बिल्डिंग टाळ्या पिटत उभी होती.

"मी काही बघितलं नाही," मी हळूच म्हणालो. "उतरा आणि मिशीला पीळ भरा."

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "तू नसशील बघितलं. पाय माझा आहे."

लेक खिडकीशी आली, तेव्हा त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "दाबला."

तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. किल्ली मुठीत धरून तशीच उभी राहिली.

माझ्यासारख्या उपद्व्यापी माणसाने सलूनवाल्याला खुर्ची-आरशासकट अंगणात आधीच आणून बसवलं होतं. आता त्याचा वस्तराच चालेना. मी म्हणालो, जाऊ द्या, मस्करी होती. उस्ताद म्हणाला, मस्करीतली पैज काय उधार ठेवायची असते? लंगडत गेला, खुर्चीत ताठ बसला, आणि कड सरळ घे म्हणून सलूनवाल्यालाच दम दिला. आधी बायका हसल्या, मग सगळेच. तोही हसला, तेव्हा सलूनवाल्याला वस्तरा उचलावा लागला.

"उरलेली पण काढू का, साहेब? बरोबर दिसेल."

"पैज अर्धीची होती."

लेकीने गाडी आणून समोर उभी केली. दवाखान्यात जाऊन गुडघा दाखवायचा होता. उस्ताद डावीकडच्या दाराने तिच्या शेजारच्या सीटवर बसला, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. तिने क्लच सोडला तशी गाडीने असा गचका खाल्ला, की आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. त्याने काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टेकवलं, आणि मिशी नसलेली बाजू आमच्याकडे करून गेटबाहेर गेला.