आधी गाडी, मग खांब

"आधी गाडी, मग खांब. उलटं केलंस तर जिवंत वायर हातात घेऊन मैदानभर फिरशील."

"आयुष्यभर तुम्हाला घेऊन फिरले, वायरीचं काय एवढं," म्हणत बायकोने गाडीच्या कुशीतलं झाकण उघडलं आणि वायरीची पिन आत दाबली.

मुक्कामाच्या मैदानात, गाड्यांना वीज द्यायला बसवलेल्या खांबाजवळ वायरमन घडीच्या खुर्चीत बसून आवाजावरून अंदाज घेत होते. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे नेले होते. ही जुनी मालवाहू गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, तिच्यात ओटा, पलंग, फ्रिज बसवला, एकेक वायर स्वतः ओढली. चालवायची बायकोने, मुक्कामाला वीज जोडायची त्यांनी, अशी वाटणी होती.

"आणि गाडी म्हातारी आहे. एका वेळी एकच मागायचं तिच्याकडे. हीटर लावलास तर किटली नाही."

"बरं आहे तिचं. माझ्याकडे सगळे एकदम मागायचे."

आईला जमतं का हे बघायला आलेली लेक हसली नाही. "आई, चेष्टा नको. तुला एकटीला जमलं तरच गाडी राहील. नाहीतर गिऱ्हाईक थांबलंय, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे."

लेकीच्या घरी मायेला तोटा नव्हता. पण तिथे कुणी "बसा हं बाबा" म्हटलं की वायरमन बसत, आणि बसूनच राहत. गाडीत मात्र नळापासून पलंगापर्यंत त्यांना हाताने सगळं दिसायचं. चहासुद्धा तेच करत.

बायकोने खांबावर पिन लावली, बटण वर केलं, टेस्टर लावून पाहिला. सगळं ठीक होतं. हवेत गारठा होता, म्हणून हीटर लावून तिघं आत बसली. मधेच बायको बाहेर जाऊन आली. गप्पा पुन्हा रंगल्या, आणि वायरमन बोलता बोलता थांबले. नाक वर केलं.

"रबर तापलंय."

"ओढ, आई! वायर ओढून काढ!" लेक ओरडली.

"ओढायची नाही." बायको उतरली. खांबाकडे चालत गेली, आधी बटण खाली केलं, मग खांबाची पिन काढली, मग गाडीची. गाडीखाली वाकून तिने वायरीचं भेंडोळं बाहेर घेतलं. नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखं ते गरम होतं.

"गुंडाळली होतीस?" वायरमनांनी दारातून विचारलं.

"पसारा दिसत होता." तिने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले होते. सुटलेला दोरा तिला बघवत नसे.

"गुंडाळली की आतल्या आत तापते गं. सगळी मोकळी सोडायची."

"मग सांगायचं नाही का?"

"मी कधी गुंडाळलीच नाही. सांगायचं सुचलंच नाही."

"खरंय. तुम्ही कपडे तरी कधी गुंडाळलेत!"

लेक हातात फोन घेऊन उभी होती, आणि वायरमन दाराची कड घट्ट धरून.

बायकोने वायर गवतावर लांब पसरली. निवेपर्यंत थांबली. मग शिवण तपासावी तशी टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवली. कुठे मऊ पडलेली नाही, वितळलेली नाही. लेकीकडे वळून म्हणाली, "मी परत करते. पहिल्यापासून. कुणी मधे बोलायचं नाही."

गाडी. खांब. बटण. टेस्टर. वायर नागमोडी, सैल, मैदानभर पसरलेली. ती हात पुसून बाजूला झाली.

लेकीने बराच वेळ त्या वायरीकडे पाहिलं. मग चार पावलं लांब जाऊन फोन केला. "नाही, विकायची नाही," एवढं ऐकू आलं. परत येऊन तिने आईच्या खांद्यावरून हात टाकला आणि म्हणाली, "रोज फोन करायचा. तू. बाबा नुसतं 'सगळं मजेत' म्हणतात."

लेक गेली तेव्हा सांज होत आली होती. बायकोने आत येऊन ओट्यावरचा पिवळा दिवा लावला. फ्रिज गुरगुरत होता, म्हणजे वीज होती हे वायरमनांना कळलंच होतं. तरी त्यांनी विचारलं,

"दिवा लागला का गं?"

तिने त्यांचा हात धरला आणि दिव्याजवळ नेला. तळवा हळूहळू कोमट झाला. त्यांनी तो तिथेच धरून ठेवला.