एकही तक्रार नाही

“वायर बंद केलीस तर फोनची वाट बघत बसू नकोस. आमच्याकडे येऊन बघ,” असं समोरच्या फ्लॅट्समध्ये राहणाऱ्या सुलक्षणामावशींनी गेल्या आठवड्यात सांगितलं, तेव्हा वरदा लेकीच्या, सियाच्या, सुपाच्या डब्याचं झाकण घट्ट लावत होती. “हो मावशी,” म्हणाली आणि विसरून गेली. आज शनिवारी सकाळी तिनं पॅनेलवरची ‘फ्लॅट्स’ लिहिलेली कळ खाली ओढली, हिरवा दिवा विझला, आणि ती फोनची वाट बघत बसली.

लंडनच्या पिनर भागात कम्युनिटी हॉलमागच्या खोलीत मराठी मंडळींचं छोटंसं रेडिओ स्टेशन होतं. इंटरनेटवर ते कुठेही लागे. रस्त्यापलीकडच्या रिटायरमेंट फ्लॅट्सना मात्र ते अजून जुन्या वायरनंच जाई. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक स्पीकर, त्याला आवाजाचं एक गोल बटण. वायर सारखी कुठे ना कुठे तुटायची. स्टेशन ज्या ट्रस्टकडे होतं, तिथे वरदा सगळ्यांत नवी. ती वायर काढून टाकावी आणि सगळ्यांना टॅबलेट द्यावेत, हा ठराव तिचाच. पण ट्रस्टचा नियम असा, की कुठलीही लाइन काढायच्या आधी एक सकाळ ती बंद ठेवायची, दोन ट्रस्टींनी समोर बसायचं आणि कोण तक्रार करतंय ते बघायचं. कोणीच केली नाही, तर लाइन जाणार.

दुसरा ट्रस्टी अंशुमन, म्हणजे चेअरमन. जन्म इथलाच, मराठी आईच्या तोंडून ऐकून ऐकून आलेलं.

“फोन नाही आली,” तो म्हणाला. “मीन्स, कोणी ऐकत नाही.”

“थांब ना जरा.”

“तू जिंकते आहेस, वरदा. मग चेहरा असा का?”

वरदानं बाळाच्या बग्गीवर वाकून आत झोपलेल्या सियाच्या नाकाशी बोट धरलं. कोमट श्वास बोटाला लागला. घरी बेबी मॉनिटरमधून सियाचं रडणं आलं की तिला हायसं वाटायचं. मॉनिटर गप्प झाला की मात्र हातातलं टाकून ती धावायची.

बोट तसंच धरून ती फोनकडे बघत राहिली. मग तिनं बग्गीचा ब्रेक सोडला.

“आता कुठे?”

“जाऊन बघते.”

“रूल्समध्ये बसायचा आहे!”

“मग तू बस.”

तो बसला नाही. जॅकेटची एकच बाही घालून मागे धावत आला.

फ्लॅट्सच्या जिन्यापाशीच दणदण ऐकू आली. वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर कॉरिडॉरभर माणसं. कुणी ड्रेसिंग गाउनमध्ये, कुणी शाल लपेटून, एका आजींच्या एकाच पायात सपात. सगळे एकमेकांची दारं वाजवत होते. उभी हयात ग्लासगोत फॅमिली डॉक्टर म्हणून काढलेल्या सुलक्षणामावशी काठीनं तिथल्याच दुसऱ्या निवृत्त डॉक्टरांचं, शशीकाकांचं, दार बडवत होत्या.

“अहो डॉक्टर, उघडा! नाहीतर फायर ब्रिगेड बोलावते!”

दार उघडलं. शशीकाकांच्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस.

“जिवंत आहे मी. रेडिओ मेलाय.”

“मग आतून ओरडायला काय झालं होतं?”

“ओरडलो असतो तर गाल कापला असता. मग तुम्हीच टाके घालत बसला असता.”

कॉरिडॉर खदखदला. मावशींना तेवढ्यात बग्गी दिसली.

“आलीस? मला वाटलं, बसतेस आता फोनपाशी.”

“मावशी, हे काय चाललंय?”

“हजेरी.” मावशी काठीवर रेलल्या. “सकाळी उठलं की प्रत्येकानं बटण मोठं करायचं. भिंती पातळ. पलीकडून आवाज आला की समजायचं, उठलं माणूस. मग बारीक करायचं. आज कुणाचाच आवाज नाही. लाइन गेली असणार, एवढं कळतं गं आम्हाला. पण नेमकं त्यातच कुणी पडलेलं असलं तर?”

“आणि टॅबलेट कानात खुपसून ऐकत बसलो,” शशीकाका म्हणाले, “तर मी आहे की गेलो हे मॉरीनला कोण सांगणार?”

शेजारच्या दारात मॉरीन उभी होती. मराठीचं अक्षर तिला कळत नव्हतं, आपलं नाव तेवढं कळलं.

“आय जस्ट लाइक टु नो ही इज अप, लव्ह,” ती म्हणाली आणि काकांच्या फेसाकडे बोट दाखवून हसत सुटली.

“हे आधीच का नाही सांगितलंत?” वरदा म्हणाली.

“सांगत होते की. तू झाकण लावत होतीस.”

अंशुमनला अजून धाप लागलेली. “पण कम्प्लेंट एकही नाही. मी बोर्डाला काय सांगू?”

“सांग, की तक्रार करायला कोणी घरात बसलंच नव्हतं. ठराव मी मागे घेते.”

“शुअर?”

“हो.”

“मग हा ट्रे धर, चेअरमन,” मावशींनी त्याच्या हातात चहाचे कप दिले. “आणि सांडू नकोस.”

सिया जागी झाली, रडली नाही. या कडेवरून त्या कडेवर फिरत ती शशीकाकांपर्यंत पोचली आणि तिनं त्यांच्या गालावरचा फेस मुठीत धरला. वरदाचे हात मोकळे झाले. ते कुठे ठेवावेत हे तिला सुचेना.

मावशींनी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या नवऱ्याची चौकशी केली.

“समरच्या अजून नाइट ड्यूट्या?”

“हो. दिवसा झोपतो बिचारा.”

“तिकडे ईलिंगला तुझ्या घराच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?”

“माहीत नाही, मावशी.”

“म्हणजे तुझं दार कोण वाजवतं?”

वरदानं कप तोंडाला लावला. चहा गरम होता. सिया झाल्यापासून इतका गरम चहा तिनं प्यायलाच नव्हता. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मावशींनी कप परत भरला.

हॉलवर परतल्यावर तिनं कळ वर केली. हिरवा दिवा लागला. सिया तिच्या मांडीवर बसून मायक्रोफोनचा स्पंज ओढत होती. तो सोडवून घेत वरदा बोलू लागली.

“नमस्कार. फ्लॅट्सची लाइन सुरू झाली आहे आणि ती आता सुरूच राहील. बटणं मोठी करा, मला इथपर्यंत ऐकू आली पाहिजेत.”

ती थांबली. रस्त्यापलीकडच्या उघड्या खिडक्यांतून तिचेच शेवटचे शब्द बाहेर आले होते. अंशुमन काचेपलीकडून अंगठा दाखवत होता.

“आणि जे दूर कुठेतरी आपापल्या घरी ऐकताय, त्या तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या भिंतीपलीकडून बाळाचं रडणं येतं ना? बाळ ठीक आहे. त्याच्या आईला तेवढं बघून या. फोन नका करू. दार वाजवा.”