आजार शोषणारे मोती

सभागृहात मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर मोतीबाबांनी एका आजाऱ्याचे हात वाडग्यातल्या पाण्यात बुडवले, वरून स्वतःचं बोट फिरवलं आणि पाणी गर्द जांभळं झालं.

"पाहा, हा तुमचा आजार!" बाबा गरजले. ते पाणी त्यांनी पांढऱ्या मोत्यांनी भरलेल्या काचेच्या नळीत ओतलं. खालून थेंब थेंब पडलं ते अगदी नितळ! टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

"मोत्यांनी रोग गिळला! आता तो कल्पांतापर्यंत बाहेर येणार नाही. गोळ्या फेकून द्या!"

मागे एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन बसली होती. बाबांच्या नादाने सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि सकाळीच त्यांना घेरी आली होती.

"आई, हे कसले मोती? आमच्या कारखान्यात हे मणी पिंपं भरभरून बनतात." सून तिथे रसायनतज्ज्ञ होती.

"तुला मेला जिथे तिथे कारखानाच दिसतो! गप बस."

गप बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पर्समध्ये स्पिरिटची बाटली घालूनच आली. सासूबाईंची पाळी आली तशी त्यांना धरून तीही वर चढली.

"बाबा, आज बोट न फिरवता करून दाखवता?"

"माझ्या स्पर्शाशिवाय रोग कसा निघेल, मुली?"

"बरं, मग बोट धुऊन फिरवा."

बाबांनी हात झटकन उपरण्याखाली लपवला. सासूबाई आयुष्यभर घरात कोण काय लपवतं हेच हुडकत आल्या होत्या. त्यांनी बाबांचं मनगट धरून बाहेर ओढलं. नखात जांभळी पूड!

"अगंबाई! हा तर रंग!"

"आणि बाबांच्या कल्पांताचं काय, तेही बघू," म्हणत सुनेने नळीत स्पिरिट ओतलं. खालून जांभळी धार लागली.

"आजार सुटला, पळा!" कोणीतरी ओरडलं. पहिली रांग खुर्च्यांवर चढली, आणि सर्वांत उंच खुर्ची बाबांनी गाठली.

"उतरा हो, रंग आहे तो," सून हसून म्हणाली. "हे मणी कसे बनतात ते सांगते. तेलासारखा एक द्रव पाण्यात ढवळला की त्याचे बारीक थेंब होतात. ते तापवले की घट्ट होऊन प्लास्टिकचे मणी बनतात. त्यात आधीच मिसळलेला दुसरा द्रव मात्र घट्ट होत नाही. तो धुऊन काढला की त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. पाण्यातला रंग त्या छिद्रांत चिकटून बसतो आणि स्पिरिट आलं की सुटतो. याच युक्तीने फळांच्या रसातला कडवटपणा काढतात. काही औषधंसुद्धा अशीच शुद्ध होतात."

"म्हणजे औषधं साफ करणारे मणी दाखवून हा आमचीच औषधं फेकायला लावत होता?" सासूबाई कडाडल्या.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने चाचरत विचारलं, "मग माझा दमा?"

"त्याला डॉक्टर आहेत, काका. हे मणी बिचारे रंग धरतात. आजार त्यांना कुठला धरता येणार?"

गडबडीत बाबा मागच्या दाराने पसार होऊ पाहत होते. दारात सुनेने आधीच बोलावलेले पोलीस भेटले. सासूबाई तिथून तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांच्यासमोरच गोळी घेतली.

मणी खरे होते, गाळणंही खरं होतं. खोटी होती ती बाबांची बडबड. म्हणून नवल दिसलं तर खुशाल टाळी वाजवा, पण औषध टाकण्याआधी एवढं विचारा: हे कसं होतं? आणि उत्तर द्यायचं जो टाळतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.