खालच्या मॉडेलचा सूड

मित्रांनो, मी गोव्यातल्या मये गावातली एक पांढरी मोटार आहे आणि माझ्या मनात एका माणसाबद्दल राग आहे. तो का आहे, ते ऐका.

म्हापशाच्या शोरूममध्ये मी आणि माझी बहीण शेजारी उभ्या होतो. दोघींचं इंजिन एकच, रंगही एकच. पण मी सर्वांत खालचं मॉडेल होते आणि ती मधलं. तिला मागचं दाखवणारा कॅमेरा होता, मागच्या काचेला वायपर होता आणि चालकाची सीट वरखाली होत होती. मला यातलं काहीच नव्हतं. मागे काही आलं की मी नुसती बीप बीप करायचे. सर्वांत वरच्या मॉडेलला छतात काचेची खिडकी होती, पण ती आमच्या घरच्यांनी मागितलीच नाही.

आमच्या घरचे म्हणजे सुविधा आणि तिचा नवरा परेश. सुविधा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला होती. रोज गाडी तीच चालवणार होती, हप्ताही तिच्याच पगारातून जाणार होता. ती उंचीने लहान. माझ्या सीटवर बसल्यावर तिला पुढचं नीट दिसेना. मागे वळून बघायचं तर मानच पोहोचेना. म्हणून तिने मधलं मॉडेल मागितलं.

परेश सेल्समनसमोरच म्हणाला, "कॅमेरा कोणाला लागतो? ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना."

सेल्समन हसला. सुविधा माझ्या सीटवरच बसली होती. तिचा हात माझ्या स्टिअरिंगवर होता, तो घट्ट झालेला मला कळला.

मग मीच घरी आले. वाचलेल्या पैशांतून परेशने मला चकचकीत चाकं बसवली आणि डिकीत मोठे स्पीकर. सुविधा उशी घेऊन बसायला शिकली. पावसात गाडी मागे घ्यायच्या आधी ती खाली उतरायची, फडक्याने माझी मागची काच पुसायची आणि मग भिजलेली आत बसायची. परेश मला रविवारी न्यायचा. मित्रांसमोर मला डबा म्हणायचा.

श्रावणातल्या अशाच एका रविवारी पाऊस नुकताच थांबला होता. माझी मागची काच चिखलाने भरली होती. परेशची आई देवकी माझ्या मागे वाकून पडलेला नारळ उचलत होती. परेश आत बसला. त्याने आधी गाणं लावलं, मग रिव्हर्स टाकला. मी बीप बीप केलं. मग जीव तोडून एकसारखी ओरडत राहिले. त्याला गाण्यापुढे काही ऐकू आलं नाही. देवकीच्या मांडीचं हाड मोडलं.

इस्पितळाच्या आवारात नातेवाईक जमले. परेश मला टेकून उभा राहिला आणि त्यांना सांगू लागला की सुविधाने गाडी वाकडी लावली होती आणि या डब्याचा सेन्सरही बंद पडला आहे. सगळे सुविधाकडे बघू लागले. ती औषधांची चिठ्ठी घेऊन आत गेली. मला वाटलं, हेही तिने गिळलं. पण तो माझा गैरसमज होता.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर माणसांनी भरलं. देवकी वॉकर घेऊन ओसरीवर येऊन बसली. परेशचे काका कृष्णनाथ सुविधाला गाडी नीट लावायला शिक म्हणून सांगू लागले. सुविधाने पदराला हात पुसले आणि काकांना माझ्यात बसायची विनंती केली. देवकी पडली होती त्या जागी तिने प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. मग स्वतः चालकाच्या जागी बसली.

"काका, बीप ऐकू आली की थांब म्हणा."

तिने त्या दिवशीचंच गाणं लावलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात. मी मागे सरकू लागले आणि कर्कश ओरडले. काका शेवटपर्यंत गप्प होते. स्टूल माझ्या चाकाखाली कडाडून फुटलं.

सुविधाने गाणं बंद केलं, मला पुढे घेतलं, त्याच जागी दुसरं स्टूल ठेवायला लावलं आणि पुन्हा रिव्हर्स टाकला. आता माझा आवाज उघड्या खिडकीतून ओसरीपर्यंत गेला. काकांनी लगेच थांबवलं.

देवकी लेकाकडे बघून म्हणाली, "त्या स्टुलाच्या जागी मी होते रे."

परेश घरात निघून गेला. मला त्याची कीव आली नाही. त्याचं तोंड उतरलेलं सगळ्यांनी पाहिलं, याचाच मला आनंद झाला.

स्पीकर त्याच आठवड्यात निघाले आणि विकले गेले. त्यांच्या पैशांत सुविधाने कॅमेरा बसवून घेतला. चावी आता तिच्याकडेच असते. परेश डिचोलीच्या आपल्या दुकानात जातो तसा आता रविवारीही बसनेच जातो. मुसळधार पावसात एकदा त्याने चावी मागितली, तेव्हा तिने त्याच्या हातात छत्री दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायची वेळ येईल. तेव्हा जी रोज चालवणार तिला आधी सीटवर बसवा आणि तिला काय दिसतं ते विचारा. दिसण्यासाठी जे लागतं त्यात काटकसर करू नका. मिरवायचं सामान खुशाल सोडून द्या. आणि तिच्या मागण्याला कोणी हसलं, तर तुम्ही हसू नका.

देवकीने परेशला माफ केलं, आईच ती. सुविधाही कधीतरी करेल. मी मात्र केलेलं नाही. त्याचा हात माझ्या दाराला लागला की अजून वाटतं, हे दार उघडूच नये.