बाण निघाले म्हणजे पास

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधत आले. हेच माझं काम. शिवलेला शर्ट माझ्या टेबलावर येतो, मी तो उलटा करते, सुलटा करते, कॉलर ओढते, बटण ओढते, आणि जिथे शिवण सुटलेली दिसेल तिथे नखाएवढा लाल चिकट बाण लावते. बाण लागला की शर्ट जिने शिवला तिच्याकडे परत. ती उसवते, पुन्हा शिवते, बाण काढते आणि शर्ट माझ्याकडे पाठवते. बाण काढायचा तो दुरुस्त करणारीनेच, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. हा नियम कुठल्या भिंतीवर लिहिलेला नाही, पण एका नव्या मुलीने घाईघाईत नुसताच बाण काढून शर्ट पुढे ढकलला होता, तर आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही. त्यामुळे कामाची घाई असली की परत आलेल्या शर्टावर मी फक्त एवढंच बघते, बाण आहे की नाही. नसला की पास. बायका मला पाठीमागे 'बाणवाली' म्हणतात. तोंडावरही म्हणतात. म्हणोत बापड्या.

आमचा कारखाना भर बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. बेचाळीस मशिनं, शेवटी इस्त्रीची टेबलं, जिन्यात कापडाचे गठ्ठे. उन्हाळ्यात अंगाची लाही, पावसात भिंतींना ओल. बाकी सगळ्याच्या नावाने बोंब असली तरी नळाला पाणी असायचं. तेवढं एक सुख होतं, आणि ते सुख आहे हे आम्हाला तेव्हा कळतही नव्हतं.

मग सरकारने ठरवलं, कपडे परदेशी पाठवणाऱ्यांनी शहराबाहेर, एका आवारात जायचं. माळरानावर औद्योगिक पार्क. एके दिवशी मालकांनी जेवणाच्या सुट्टीनंतर मशिनं बंद करायला लावली आणि स्टुलावर उभे राहून भाषण केलं.

"सरकार जमीन देतंय, रस्ता देतंय, वीज देतंय, शेड बांधून देतंय. आपण फक्त मशिनं उचलून न्यायची. न्यायला-आणायला बस. आणि एक सांगतो, बायरला आता असली इमारत चालत नाही. तिकडे गेलो नाही, तर पुढची ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल. मग मी घरी आणि तुम्हीही घरी."

मालक वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आहे. घाबरलेल्या माणसासारखंच तो मोठ्याने बोलतो.

शेड ताब्यात मिळण्याआधी सरकारी तपासणी व्हायची होती आणि तपासणीच्या कागदावर कामगारांच्या प्रतिनिधीची सही लागायची. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या नजरेतून काही सुटत नाही," म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा फुगले, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी धाकटी माझ्याबरोबर जिना उतरत होती. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्या लाइनवर कॉलर लावते. कॉलरला तिच्यासारखा हात दुसरा नाही. दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या एका कारखान्यात होती. तिथल्या संडासात पाणी नसायचं, म्हणून बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभरही पाणी प्यायची नाही. पाणीच नाही प्यायलं तर जायला कशाला लागतंय, असा हिशेब. त्या हिशेबाने तिची एक किडनी गेली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी. डॉक्टर तिला सोडून माझ्यावरच खेकसले, "एक गेली ती गेली. दुसरी सांभाळायची असेल, तर दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. कामावर, घरी, कुठेही."

"ताई," धाकटी जिन्यात म्हणाली, "आमच्या गल्लीतला टेलर मला दुकानात बसायला बोलावतोय. पैसे कमी देईल, पण घर दोन पावलांवर. तू ती शेड बघून ये. तू ठीक आहे म्हणालीस तर मी पार्कात येते. नाहीतर आपली टेलरकडे बसते."

"बरं," मी म्हणाले.

मालकांच्या गाडीतून मी शेड बघायला गेले, पर्समध्ये बाणांची तीन भेंडोळी घेऊन. शेड मला आवडली. उंच छप्पर, दोन्ही बाजूंनी उजेड, गुळगुळीत फरशी. एवढ्या उजेडात काम करायला मिळालं असतं, तर माझ्या चष्म्याचा नंबर एवढा वाढला नसता, असंही वाटून गेलं. मग मी कामाला लागले. गिलाव्याला तडा, बाण. दाराला कडी नाही, बाण. पंखा आहे, पण बटण कुठे? बाण. मागच्या बाजूला आठ संडास, चकचकीत फरशा. नळ फिरवला तर फुस्स करून वारा आला. दुसरा फिरवला, तेच. आठही नळांना मी बाण लावले आणि वरच्या टाकीला हात पोचेना म्हणून तिच्या शिडीला दोन.

ठेकेदार कानाला फोन लावून मागे मागे फिरत होता. "बाई, अहो, एवढी नवीकोरी शेड, तुम्ही तिला गोवर आणलात की!"

"हसू नका," मी म्हणाले. "जिथे बाण आहे तिथलं काम करायचं. काम झालं की बाण काढायचा. समजलं?"

"काढतो की. एकूण एक काढतो."

मी निश्चिंत झाले. इतकी वर्षं ज्यांच्यात काढली त्या बायकांनी असं म्हटलं की त्याचा अर्थ एकच असतो. हा माणूस आमच्यातला नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दहा दिवसांनी तपासणी. सरकारी अधिकारी बाई आल्या, बरोबर फायली धरलेले दोघे. मालक त्यांच्या पुढे पुढे, ठेकेदार मागे मागे. मी एकटीच शेडभर फिरले. एकही बाण नव्हता. भिंतींना नवा रंग, दाराला कडी. मागे जाऊन संडासांची दारं एकेक करून उघडली. आठही नळ स्वच्छ, बाणाचा डिंकसुद्धा पुसून काढलेला. मला बरं वाटलं. काय गंमत बघा, मला त्या ठेकेदाराबद्दल चांगलं वाटलं.

नळ मी फिरवला नाही.

दवाखान्यातल्या त्या अकरा दिवसांनंतर मी नळ फिरवायला नको होता का? पण हातच गेला नाही. बाण दिसला नाही आणि डोक्याने पास म्हटलं. अधिकारी बाईंना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. कागदावर 'पाण्याची सोय' पुढे 'आहे' लिहिलेलं होतं. खाली मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे.

"ये," मी धाकटीला सांगितलं. "सगळं नीट आहे. मी स्वतः बघितलंय."

तिने टेलरला नाही म्हणून कळवलं. त्याने दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी एका बाईला बसवलं.

पार्कातल्या पहिल्या दिवशी दहा वाजता इस्त्रीवाली मागे जाऊन आली आणि म्हणाली, "अगं बाई, नळाला पाणी कुठाय?" सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. धाकटीने मान वर केली नाही. कॉलर लावत राहिली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

ठेकेदाराचा फोन लागेना. मी तडक पार्कच्या व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. पस्तिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींच्या भिंती. त्याने मला बसायला सांगितलं, हे विशेष.

"बाई, मुख्य जलवाहिनी दुसऱ्या टप्प्यात आहे," तो म्हणाला. "निम्म्याहून जास्त शेड भरल्या की दुसरा टप्पा मंजूर होतो."

"आता किती भरल्यात?"

"तुमची एक."

"आणि बाकीच्या कधी भरणार?"

"पाणी आलं की भरतील." असं म्हणून तो स्वतःच ओशाळला. "मी वर लिहिलंय. तीनदा लिहिलंय. तोपर्यंत रोज एक टँकर मिळेल."

टँकर आला. पण इस्त्रीला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला पाणी लागतं. शिपमेंट तोंडावर. टँकर अकराच्या आत बॉयलरमध्ये रिकामा व्हायचा, उरायच्या चार बादल्या. "महिनाभर काढा, बाई," मालक म्हणाले, "मी हात जोडतो." खरंच जोडले.

चार बादल्या आणि आम्ही पंचावन्न जणी. दोन दिवसांत बायकांनी मार्ग काढला, आम्ही बायका नेहमी काढतो तोच. पाणी प्यायचं बंद. सकाळचा चहा अर्धा. दुपारी डबा कोरडाच घशाखाली ढकलायचा.

"तू पितेस ना?" मी धाकटीला रोज विचारायची.

"पिते गं."

सतराव्या दिवशी बसमधून उतरताना तिची चप्पल पायात शिरेना. मी खाली वाकून तिचा घोटा दाबला, तर माझ्या अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

"खोटारडे!" मी रस्त्यातच ओरडले. "थेंबभरही पीत नाहीस तू!"

"मग काय करू?" तीही ओरडली. "पिऊन जाऊ कुठे? माळावर? चार बादल्यांत पंचावन्न जणी, त्यात मी एकटी दहादा जाऊ? टेलरकडची जागा तर गेली. पोरीचं शिक्षण चालू आहे. सही तू केलीस ताई, मी नाही."

खरं तेच बोलली. मला राग तिचा आला नव्हता. मला माझी शिसारी आली होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. माझी सही चुकून झाली, पाणी नाही, तपासणी पुन्हा करा. व्यवस्थापकाने तो वाचला आणि माझ्यासमोर तसाच धरून ठेवला. "हा मी पुढे पाठवला तर मंजुरी थांबते," तो म्हणाला. "मंजुरी थांबली की शेडला कुलूप. कधी उघडेल सांगता येत नाही. पाठवू?"

मी सुट्टीत बायकांना विचारलं. इस्त्रीवाली म्हणाली, "बाणवाले, आमच्या पोटावर पाय देऊ नकोस. जुनी जागा मालकांनी सोडली. कुलूप लागलं तर आम्ही कुठे जायचं?" धाकटीही त्यांच्यातच उभी होती आणि तीही मान हलवत होती. मी अर्ज परत आणून पर्समध्ये घातला.

धाकटी आपणहून काम सोडणार नव्हती. मालक शिपमेंटच्या तोंडावर कॉलरचा असा हात सोडणार नव्हते, मी दोनदा विनवलं तरी. एकच वाट उरली होती. आमच्याकडे लागोपाठ तीन दिवस एकीचे बारापेक्षा जास्त शर्ट परत गेले, की तिला लाइनवरून काढतात. हा नियम मात्र भिंतीवर लिहिलेला आहे.

पहिल्या दिवशी मी तिच्या चौदा कॉलरना बाण लावले. चौदाही कॉलर आरशासारख्या स्वच्छ होत्या. तिने एक शर्ट हातात घेतला, उजेडात धरला, आणि माझ्याकडे बघितलं. मग ती उसवून पुन्हा शिवायला लागली. तेच मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी सोळा लावले. तिसऱ्या दिवशी मी पंधरा लावले आणि कागद मालकांकडे दिला.

मालक कागद बघत राहिले. "तुमच्या सख्ख्या बहिणीला?" म्हणाले. "तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार." आणि त्यांनी तिचं नाव काढलं.

धाकटीने पिशवी भरली, कात्री पदराने पुसून आत ठेवली आणि माझ्या टेबलापाशी आली. हातात तिचाच एक शर्ट होता. सगळी मशिनं थांबलेली होती.

"जाते," ती म्हणाली. "फक्त एकदा दाखव ताई. कॉलरमध्ये काय चुकलं?"

मी शर्ट घेतला. उलटा केला, सुलटा केला, कॉलर ओढली. पन्नास जणी बघत होत्या. चूक नाही असं म्हणाले असते, तर मालकांनी तिला तिथेच परत बसवलं असतं.

"टाका वाकडा आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"सगळीकडेच."

तिला जाऊन आता महिना होत आला. टँकर अजून एकच येतो. भाची मला बसस्टॉपवर भेटते, तेव्हा मी पहिल्यांदा पायाची सूज विचारते. उतरली, म्हणते. आई घरात दिवसभर पाणी पिते, पण कुणी कपडे शिवायला आणले तर परत पाठवते. म्हणते, मला नीट शिवता येत नाही.