विहिरीवरच्या तीन बायका

बँकेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी बागकाम करावं, नातेवाइकांशी वाद घालावेत, काहीही करावं, माझी हरकत नव्हती. ह्यांनी एक जुना बोलपट शोधायला घेतला. त्याचं नाव मी सांगत नाही. ते उच्चारलं की हे, म्हणजे आमचे भास्करराव, चष्मा पुसून भाषण सुरू करतात, आणि मग इकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या आमच्या घरात, कुकर वेळेवर लागत नाही.

कारण मात्र खरं होतं. माझ्या सासूबाईंची, मालिनीबाईंची, आई कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत कामाला होती. सिनेमा तेव्हा नुकता बोलू लागला होता. ह्या बोलपटात तीन बायका विहिरीवर पाणी भरताना बोलतात, त्यांतली एक ती. सासूबाई दीड वर्षाच्या असताना ती गेली. सिनेमातली बाई म्हणून घरात तिचं नाव काढायचीही चोरी. आता सासूबाईंचा डावा कान गेलाय, आणि उजवाही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. "एकदा आईचा आवाज ऐकायचाय," एवढंच त्या म्हणाल्या. "लोण्यासारखा मऊ असणार बघ."

विहिरीचा प्रसंग इंटरनेटवर आहे म्हणायला. त्यात माणसं तांदळाच्या धुवणात बुडालेली दिसतात आणि बोलण्याच्या जागी भजी तळल्याचा आवाज येतो. म्हणून ह्यांना चांगली प्रिंट हवी होती. पुण्याला गेले, कोल्हापूरला गेले, मुंबईत कुणा संग्राहकाच्या दारात बसून राहिले. एके ठिकाणी चित्र लख्ख, पण आवाजाची पट्टी घासून गेलेली. दुसरीकडे बाकी सगळं होतं, विहिरीचं रीळच नव्हतं. प्रत्येक खेपेला येताना हे बाकरवडी आणायचे आणि आम्ही ती गप्प बसून खायचो.

प्रिंट सापडली ती मला, आमच्याच शहरात, अमीनाबादच्या बाजारात. परकराच्या कापडासाठी मी नेहमी इश्तियाकसाहेबांच्या दुकानात जाते. त्या दिवशी ते भाव काही सोडेनात, म्हणून मी घरचं दुःख काढलं. नवऱ्याच्या तक्रारी ऐकून दुकानदार विरघळतात, असा माझा अनुभव आहे.

"भाभीजी, हिंदी में हो तो चलेगी?" ते म्हणाले. "हमारे वालिद साहब क़स्बों में तंबू लगाकर फ़िल्में दिखाते थे. ये वाली ऊपर रखी है. पनघट वाला सीन भी है उसमें."

मी घरी येऊन सांगितलं, तर हे हसले. "अगं, हिंदीत दुसऱ्या नट्या असणार."

"असणार की आहेत?"

हे उठून कपाटाकडे गेले. मग पुस्तकं काढली, दोघातिघांना फोन केले, आणि चहाच्या वेळेला पडेल आवाजात सांगितलं, की ती कंपनी एकच प्रसंग त्याच माणसांकडून आधी मराठीत आणि लगेच हिंदीत बोलवून घेत असे. मराठी माणसाचा बोलपट म्हणजे तो महाराष्ट्रातच असणार, असं धरून हे इतकी वर्षं फिरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

गुरुवारी अमीनाबाद बंद असतं. त्या दुपारी इश्तियाकसाहेबांनी शटर अर्धं वर करून आम्हाला आत घेतलं. सासूबाईंना खुर्चीसकट माळ्यावर न्यावं लागलं. पडदा म्हणून दुकानातलीच पांढरी मलमल ताणून बांधली होती. प्रोजेक्टरला ते दर ईदेला तेल घालतात म्हणे. हे पांढरे हातमोजे घालून आले होते. डबा उघडून त्यांनी आधी आत नाक घातलं, कारण फिल्म खराब झाली की सिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. लोणच्याच्या बरणीशी ते कधी इतक्या मायेने वागले नाहीत. "वास नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी ते फार आवडले.

चित्र इतकं स्वच्छ होतं की काठावरचं शेवाळही दिसत होतं. तीन बायका आल्या, पदर पार नाकापर्यंत ओढलेले. पहिली हळू आवाजात काहीतरी म्हणाली. दुसरी हसली. तिसरीने दोर हिसकला आणि कोल्हापुरी ठसक्याच्या हिंदीत कडाडली, "रस्सी छोड़, नहीं तो डोल की जगह तुझे ही नीचे उतारूँगी!"

एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. इश्तियाकसाहेब पोट धरून हसले आणि त्यांनी मशीन थांबवलं.

"ह्यातली कोणती?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनाही ते माहीत नव्हतं. नामावलीत फक्त मोठ्या नटांची नावं होती.

"पहिलीच असेल. मऊ बोलली ती." सासूबाई म्हणाल्या. "पण मला कसं कळणार रे? मला तो आवाज आठवतच नाही." त्यांचा चेहरा एकदम उतरला. आवाज सापडल्यावर तो ओळखणार कोण, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

माझ्या अंगावर मात्र तिसरीने तोंड उघडलं तेव्हाच काटा आला होता. सुरुवातीला खरखरीत, मग चढत जाणारा, शेवटच्या शब्दाला नाकातून झटका. दूध उतू गेलं, गेट उघडं राहिलं की तीस वर्षं मी हाच आवाज ऐकत आले आहे. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही. सुनेला सासूचा येतो.

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "आई, ती भांडणारी. ती तुमची आई. आवाज थेट तुमचा आहे."

"मी अशी ओरडते?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हातमोज्यांकडे पाहिलं. "हो आई," ते म्हणाले. "अगदी अशीच."

इश्तियाकसाहेबांनी रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. सासूबाई कानामागे हात धरून पुढे झुकल्या. तिसरी बाई कडाडली. मऊपणाचा तिथे लवलेशही नव्हता, आणि सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मीही रडत होते, पण त्यांच्या कानाशी वाकलेलीच होते.

त्या माझ्याकडे वळल्या.

"तीस वर्षं तू माझ्या आईला ऐकतेयस," त्या म्हणाल्या, "आणि मला ती आज मिळाली. आता त्या कानापासून सरक, मला ऐकू दे."

मी सरकले आणि इश्तियाकसाहेबांना रीळ पुन्हा लावायला सांगितलं.